लक्ष्मीबाई टिळक : वियोगकाल आणि अपत्याचा प्रश्न

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग डोंगरगड, राजनांदगाव व दुर्ग ही स्थानके ओलांडून भिलाईस पोचतो. १९५९ साली पोलादाच्या कारखान्यातील पहिली झोतभट्टी पेटली आणि भिलाई हे नाव देशभर झाले. त्यापूर्वी ते या मार्गावरचे एक लहानसे गाव होते. भिलाईच्या अलीकडे सुमारे चाळीस किलोमीटरांवर असलेले राजनांदगाव हे बैरागी महंतांच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर ते दुर्ग जिल्ह्यात आले आणि १९७३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंदी साहित्याचे अभ्यासक हे गाव मुक्तिबोधांच्या अखेरच्या वर्षांमुळे ओळखतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही त्याला एक स्थान आहे, आणि ते एका आगगाडीच्या प्रवासामुळे मिळालेले आहे.

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. टिळक तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षांचे होते. कवी, वक्ते आणि संस्कृतज्ञ म्हणून त्यांचा लौकिक होऊ लागला होता, परंतु कोणत्याही एका गावी वा एका नोकरीत त्यांचे मन रमत नव्हते. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. दोघांचे बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले आणि निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे सुमारे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा प्रसंग सामान्यतः एका कवीच्या धर्मांतराची पूर्वपीठिका म्हणून सांगितला जातो. परंतु त्या प्रवासाचा परिणाम आणखी दोन माणसांच्या आयुष्यावर व्हायचा होता. एक होती त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि दुसरा होता त्यांचा अजाण मुलगा दत्तू. धर्मांतराने पती-पत्नी वेगळी झाली. अशा वेळी मूल कोणाचे, हा प्रश्न त्या घरापुढे चार-पाच वर्षे उभा राहिला. तो न्यायालयात कधीच गेला नाही. तरी त्याची उकल कशी झाली हे पाहिल्यावाचून लक्ष्मीबाईंच्या चरित्राचा अर्थ पुरता लागत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या आघाताचा विलक्षण परिणाम वडिलांवर झाला आणि त्यांच्या सोवळ्याला सीमा राहिली नाही. घरातील प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, प्रत्येक स्पर्शाचा हिशेब ठेवायचा, अशा वातावरणात मनकर्णिकेचे बालपण गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी या सोवळ्याच्या हकिकती हसत हसत लिहिल्या. परंतु त्यामागे एका घराला बसलेली भीती होती, हे सूक्ष्म वाचकास जाणवल्याशिवाय राहत नाही. विटाळाची ही धास्ती ज्या मुलीच्या अंगवळणी पडली होती, तिलाच पुढे ख्रिस्ती नवऱ्याच्या दारात पाऊल टाकायचे की नाही हे ठरवावे लागले.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्या उत्तेजनाने. संसार सुरू झाला तोच मुळी वियोगाने. टिळक न सांगता निघून जात, महिनोन् महिने पत्ता नसे, आणि लक्ष्मीबाई सासर, माहेर व बहिणीचे घर यांच्यात फिरत राहत. आधीची अपत्ये अल्पवयातच गेली. त्यानंतर १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, हाच त्या वेळी त्यांचा सारा आधार होता. बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा दत्तू चारेक वर्षांचा होता. टिळकांनी आपला निश्चय पत्नीस आधी कळविला नव्हता.

या वार्तेनंतर लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली तिला तत्कालीन समाजात नाव नव्हते. नवरा हयात असल्याने त्या विधवा नव्हत्या, आणि सवाष्णीचा संसारही त्यांच्या वाट्यास उरला नव्हता. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता, तरी नवऱ्याच्या पतितत्वाची सावली त्यांच्यावर पडलीच. काही काळ त्यांचे मन ठिकाणावर नव्हते. थोरली बहीण, मेहुणे आणि इतर आप्त यांनी त्यांना सांभाळले. नाशिकच्या परिसरातून हलवून त्यांना पंढरपूरला नेण्यात आले आणि वियोगाचा मोठा काळ त्यांनी तेथे काढला. दत्तू त्यांच्याजवळच राहिला.

दत्तू त्यांच्याजवळ राहिला हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. तत्कालीन कायदा पाहिला म्हणजे मात्र त्यातील अनिश्चितता कळते. हिंदू धर्मशास्त्र आणि इंग्रजी न्यायालये या दोहोंच्या मते बाप हाच मुलाचा नैसर्गिक पालक. आईचा क्रम त्याच्या मागून. धर्मांतराने बापाचा हा अधिकार नष्ट होतो असे सनातनी मत होते खरे. परंतु १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे वा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचेही हक्क बुडू नयेत अशी तरतूद केली होती, आणि बापाचे पालकत्वही याच संरक्षणाखाली येते असा अर्थ लावता येत होता. १८९० चा पालक व पाल्य कायदा पाल्याच्या हिताची भाषा बोलत होता, त्याचे वय, लिंग आणि धर्म विचारात घ्या असे सांगत होता. तथापि बाप जिवंत असून अपात्र नसेल तर दुसरा पालक नेमण्यास तोच कायदा न्यायालयास मनाई करीत होता. तात्पर्य, टिळकांनी दावा मांडला असता तर लक्ष्मीबाईंच्या बाजूस कायद्याचे बळ फारसे नव्हते.

दुसरेही एक हत्यार टिळकांच्या हाती होते. १८६६ च्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीय व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणाने सहा महिने सहवास नाकारील, तर त्या व्यक्तीस न्यायालयात जाता येई. जोडीदाराचा नकार कायम राहिल्यास विवाहाचे बंधन तुटे आणि पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा होई. ब्राह्मण स्त्रीला ज्या काळी घटस्फोट ठाऊक नव्हता, त्या काळी तिच्या ख्रिस्ती पतीस तो मिळू शकत होता. रखमाबाईंच्या खटल्यामुळे (१८८४ ते १८८८) नवरा-बायकोचे भांडण न्यायालयात जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले होते. टिळकांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी विवाह मोडला नाही, दुसरे लग्न केले नाही, आणि मुलासाठी कोर्टाची पायरी चढले नाहीत. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत असता ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

टिळकांच्या या वर्तनाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र चरित्रकारांनी ते देताना एक गोष्ट बहुधा नजरेआड केली आहे. पंढरपुरातील त्या आईच्या कुशीत मूल होते ते बापाच्या संयमामुळे. तिच्या स्वतःच्या अधिकारामुळे नव्हे. संयम हा गुण खरा, परंतु तो दुसऱ्याचा असतो. दुसऱ्याच्या गुणावर ज्याचे सर्वस्व अवलंबून आहे त्यास स्वस्थ झोप लागत नाही. शिवाय बापाचा हा संयम एकतर्फी होता असेही नाही. लक्ष्मीबाईंच्या आप्तांनी आणि त्यांनी स्वतः दत्तूच्या मनातून बाप पुसून टाकला असता तर त्या काळच्या समाजाने त्यांची पाठच थोपटली असती. तसे झाले नाही. बाप पतित म्हणून मुलासाठी मेला, असे त्या घरात ठरले नाही. म्हणूनच पुढे मुलाला बापाकडे आणि पत्नीला पतीकडे जाता आले. आजच्या कायद्याच्या परिभाषेत ज्याला ताबा आणि भेटीचा अधिकार म्हणतात, त्या दोन्हींचा निवाडा या कुटुंबाने कागदावाचून केला. तो न्याय्य होता की केवळ सुदैवाचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

सुदैव हा शब्द येथे विचारपूर्वक वापरावा लागतो, कारण समकालीन उदाहरणे वेगळी आहेत. अॅनी बेझंट १८९३ साली हिंदुस्थानात आल्या, म्हणजे टिळक राजनांदगावच्या गाडीत बसले त्याच सुमारास. त्यापूर्वी १८७८ साली इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांची मुलगी मेबल त्यांच्यापासून काढून घेऊन पाद्री पित्याच्या स्वाधीन केली होती. आईची निरीश्वरवादी मते आणि संततिनियमनावरील पुस्तकाचे प्रकाशन ही त्याची कारणे होती. म्हणजे आईचे मत बदलले तर मूल जाते, आणि बापाचा धर्म बदलला तरी मूल त्याचेच राहते, असा त्या शतकाचा न्याय होता. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांत त्याबाबत मोठे अंतर नव्हते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी निराळी. त्या विधवा होत्या, त्यामुळे मनोरमेवर हक्क सांगणारा पिता नव्हता. १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मायलेकी दोघीही ख्रिस्ती झाल्या. तरी मनोरमेला कोणत्या पंथाचे, कोणत्या वळणाचे धर्मशिक्षण द्यावे यावरून रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डिन यांच्यात दीर्घ पत्रविवाद झाला. आपल्या मुलीच्या श्रद्धेचा निर्णय आपणच करणार, हे रमाबाईंनी चर्चलाही ठणकावून सांगितले. रमाबाईंना जे ज्ञान, जे इंग्रजी आणि जो आत्मविश्वास होता त्याच्या बळावर त्या हे करू शकल्या. लक्ष्मीबाईंजवळ यांतले काहीच नव्हते. त्यांनी जे मिळविले ते वादातून मिळविले नाही. ते पायरी पायरीने, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मिळविले.

हे चालणे १८९९ च्या आसपास सुरू झाले. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरास आल्या, परंतु नवऱ्याचा धर्म स्वीकारून आल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे आपले आपण सांभाळायचे, अशा व्यवस्थेने त्या राहिल्या. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले आणि त्या दोहोंच्या मधून एक मूल ये-जा करू लागले. ही तडजोड बाहेरून हास्यास्पद दिसली असेल. वस्तुतः ती अत्यंत प्रामाणिक होती. पतीवरील प्रेमाखातर श्रद्धा बदलल्याचे सोंग लक्ष्मीबाईंनी आणले नाही, आणि श्रद्धेखातर मुलाला बापापासून तोडलेही नाही. टिळकांनीही घाई केली नाही.

नगर-राहुरीच्या त्या दिवसांत महाराष्ट्र प्लेग आणि दुष्काळ यांनी होरपळत होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयास येत होती, आणि त्यांतली काही टिळकांच्या घरीही वाढत होती. या मुलांच्या सान्निध्यात लक्ष्मीबाईंचे सोवळे सैल पडत गेले. भुकेल्या पोराची जात विचारायची तर त्याला जेवू कधी घालायचे, हा साधा प्रश्न वडिलांच्या घरातील सर्व शिकवणुकीला भारी ठरला. जातिभेद खोटा आहे असे त्यांना आधी पटले. ख्रिस्ती धर्म त्यांनी नंतर, १९०० साली स्वीकारला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आईपणातून त्या मानवतेकडे गेल्या आणि मानवतेतून नव्या श्रद्धेकडे.

पुढील दोन दशके त्या घराचे दार सर्वांना उघडे होते. त्यात ठोमरे नावाचा एक हळवा, हट्टी तरुण कवीही आला. मराठी कविता ज्याला बालकवी म्हणून ओळखते त्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना टिळकांच्या घरी लक्ष्मीबाईंची माया मिळाली. स्वतःचे मूल गमावण्याच्या भीतीत ज्या आईने वर्षे काढली, तिने दुसऱ्यांची मुले आपली मानावीत यात नवल नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले आणि पुढच्याच वर्षी ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. या वेळी वियोग कायमचा होता. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले बहुतेक अध्याय रचून ते पुरे केले.

त्यांच्या हयातीनंतर कायदा बदलला, आणि कसा बदलला हे पाहणे उद्बोधक आहे. १९४६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या पतीपासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू पत्नीस प्रथम स्पष्टपणे मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण ठरले, आणि अशा दाव्यात मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर पारडे पार उलटे केले. जो हिंदू राहिलेला नाही त्यास नैसर्गिक पालक म्हणून वागण्याचा अधिकार नाही, असे त्याचे सहावे कलम सांगते. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेच कलम सांगते. म्हणजे १८९५ साली ज्या चार वर्षांच्या मुलावर टिळकांचा हक्क जवळजवळ निर्विवाद होता, त्याच मुलावरील नैसर्गिक पालकत्व १९५६ नंतरच्या टिळकांना सांगता आले नसते.

आईला यामुळे न्याय मिळाला यात शंका नाही. परंतु तो पुरता नव्हता. बाप हयात असता आई ही दुय्यम पालक, ही जुनी उतरंड त्या कायद्याच्या शब्दांत शिल्लक होती. कादंबरीकार गीता हरिहरन यांच्या अर्जावर १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि बापानंतर आई या शब्दांचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा न करता बापाच्या अनुपस्थितीत असा केला. शब्द राहिले, अर्थ रुंदावला. मात्र सहाव्या कलमातील धर्माची अट हा बापावरचा नवा अन्याय होऊ शकतो, हेही मान्य केले पाहिजे. टिळकांसारखा पिता केवळ श्रद्धा बदलली म्हणून पालकत्वास अपात्र ठरावा काय? त्याच कायद्याचे तेरावे कलम पाल्याचे हित सर्वोपरी मानते, आणि शेवटी न्यायाधीशाला आधार घ्यावा लागतो तो त्याचाच. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली कौटुंबिक न्यायालये प्रथम समेटाचा प्रयत्न करतात तेही याच जाणिवेने. पण हित कशात आहे हे कोणता कायदा आधी सांगू शकेल? टिळकांच्या घरात ते कळायला चार-पाच वर्षे लागली.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे या चरित्राचे खरे उत्तर आहे. देवदत्त टिळक लेखक व संपादक झाले. पंडिता रमाबाईंचे चरित्र त्यांनी लिहिले. धर्म बदलून एकाकी पडलेल्या आईची आणि तिच्या मुलीची ती कहाणी आहे, आणि ती लिहिणाऱ्याचे स्वतःचे बालपणही तशाच भोवऱ्यातून गेले होते. वडिलांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात म्हणून ते आईच्या मागे लागले. त्या आग्रहातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आले. वडिलांच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले लेखन आईचे आत्मचरित्र बनले. १९३४ ते १९३७ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई वारल्या आणि अपुरा राहिलेला अखेरचा भाग देवदत्तांनी पुरा केला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या विनोदाचे एक मूळ या वियोगकालात आहे. ज्या नवऱ्याने न सांगता धर्म बदलला त्याच्याविषयी लक्ष्मीबाईंनी कडवटपणे लिहिले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्या ज्याच्या आग्रहावरून लिहीत होत्या तो त्या नवऱ्याचाही मुलगा होता. मुलासमोर बापाची निंदा न करण्याचा जो विवेक पंढरपुरात पाळला गेला, तोच चाळीस वर्षांनी गद्यशैली होऊन आला. टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचे पळून जाणे, पैशांविषयीची बेफिकिरी, यांतले काही त्यांनी लपविले नाही. आणि त्यांच्यावरचे प्रेमही लपविले नाही. दोन्ही गोष्टी मुलाला ठाऊक असाव्यात, असे त्यांनी मानले असावे.

विभक्त आईबापांच्या मुलाला कायदा एकाच्या स्वाधीन करतो. दुसऱ्यासाठी दिवस आणि तास ठरवून देतो. ज्या मातेला स्वतःचा कोणताच अधिकार नव्हता तिला अधिकार मिळणे आवश्यकच होते, आणि ते मिळवून देणाऱ्या कायद्याचे मोल कमी नाही. पण दत्तूला आई आणि बाप ही दोन्ही माणसे सबंध मिळाली ती कायद्यामुळे नव्हे. दोघांनीही त्याच्यावर एकट्याचा हक्क सांगितला नाही, म्हणून ती मिळाली. राजनांदगावच्या गाडीत सुरू झालेल्या त्या दुराव्याचा शेवट एका ग्रंथात झाला, आणि आईचा तो अपुरा ग्रंथ मुलाने आपल्या हाताने पुरा केला.